सोळाशे मीटर आणि मागून धावणारे

फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत कालिना भागातल्या मैदानावर पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी सुरू होती. तिथे काही दिवसांच्या अंतराने दोन तरुणांचा जीव गेला. एक वाशीम जिल्ह्यातला होता, दुसरा अमरावती जिल्ह्यातला. दोघांनाही 1600 मीटरच्या धावेनंतर त्रास सुरू झाला होता. वाशीम आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे यवतमाळला लागून आहेत. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, नेर, दिग्रस, पुसद अशा कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर हीच तयारी करणारी पोरं दिसतात. त्यांना ही बातमी परक्या गावची वाटणं शक्य नव्हतं.

धावताना येणाऱ्या आकस्मिक मृत्यूबद्दल जगात जे लिहिलं गेलं आहे, ते बहुतेक मॅरेथॉनबद्दल आहे. त्यातला धावणारा चाळिशी-पन्नाशीचा, शहरातला, नोकरीधंदा असलेला, पैसे भरून नाव नोंदवणारा. यवतमाळ जिल्ह्यात धावणं म्हणजे मुख्यतः भरती. धावणारा वीस-बावीस वर्षांचा, कापूस-सोयाबीनच्या घरातला, बापाच्या कर्जाचा आकडा पाठ असलेला. मैदानी खेळांच्या हिशेबात 1600 मीटर हा लांब पल्लाही नव्हे. पण 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20 गुण आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कपात, असं कोष्टक समोर असलं की ते अंतर अंगातला सगळा जोर लावूनच धावावं लागतं. राज्य राखीव पोलीस दलासाठी हेच अंतर 5 किलोमीटर होतं. वनरक्षक भरतीत पुरुषांना 5 आणि महिलांना 3 किलोमीटर धावावं लागतं, शिवाय पुरुषांना 25 आणि महिलांना 16 किलोमीटर चालण्याची परीक्षा असते. सैन्याच्या अग्निवीर भरतीत पुन्हा 1.6 किलोमीटर. मॅरेथॉनमध्ये दम लागला तर माणूस चालू लागतो आणि त्याचं काही जात नाही. भरतीत चालू लागणाऱ्याचं वर्ष जातं. या एका फरकामुळे बाहेरचं सगळं ज्ञान इथे आणताना जपून आणावं लागतं.

कालिना हे पहिलं उदाहरण नव्हतं. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावेत किमान चार उमेदवारांचा जीव गेला. बाहेरगावची मुलं फुटपाथवर रात्र काढून दमट उन्हात धावत होती, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या भरत्यांमध्ये अंतर कमी झालं, आज पुरुषांसाठी 1600 आणि महिलांसाठी 800 मीटर आहे. जून 2024 च्या अखेरीस नवी मुंबईलगत राखीव दलाच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना जळगाव जिल्ह्यातला एक तरुण गेला. त्या वर्षी राज्यात 17 हजारांहून थोड्या अधिक पदांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत बारा उमेदवार मरण पावले. तिथे पुरुषांना एका तासात 10 किलोमीटर धावायचे होते. सरकारने भरती काही दिवस थांबवली आणि पुढे अंतर 1.6 किलोमीटरवर आणलं. हौशी स्पर्धाही यातून सुटलेल्या नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये 2020 साली एक आणि 2024 साली दोन धावपटू दगावले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये कोल्हापूरचा बत्तीस वर्षांचा तरुण.

प्रत्येक वेळी सरकारी उत्तर एकच आलं: अंतर कमी करा. ते चूक नाही. उष्माघाताचा धोका अंतराबरोबर वाढतोच. पण अंतर घटलं की वेग वाढतो आणि सगळा ताण पाच-सहा मिनिटांत एकवटतो. वाशीम आणि अमरावतीचे तरुण कमी केलेल्या अंतरावरच गेले. अंतर हा या प्रश्नाचा एक भाग आहे आणि मोजायला सोपा असल्यामुळे तोच सगळ्यांच्या नजरेत भरतो.

शरीरात नेमकं काय होतं, याची उत्तरं वयानुसार बदलतात. पस्तिशीच्या पुढे मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे. अमेरिकेत धावण्याचं वेड पसरवणारे जिम फिक्स 20 जुलै 1984 रोजी व्हरमाँटमध्ये रस्त्यावर धावतानाच गेले, वय 52. शवविच्छेदनात वाहिन्या गंभीर प्रमाणात बंद झालेल्या आढळल्या. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. त्याआधी काही वर्षं अमेरिकेतल्याच एका डॉक्टरचं मत गाजत होतं, की मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांना हा रोग शिवत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्याच शवविच्छेदनांनी 1970 च्या दशकात ते खोडून काढलं होतं. फिक्स यांच्या मृत्यूने ते घराघरांत पोचलं, आणि न धावणाऱ्यांना न धावण्याचं निमित्तही मिळालं.

विशी-पंचविशीत मात्र कारणं बहुतेक जन्मापासूनची असतात. हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होणं, ठोक्यांच्या विद्युतरचनेत दोष, रक्तवाहिनीचा चुकीच्या जागी उगम. तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज हे आणखी एक. अंगात ताप असताना ‘ग्राउंड चुकायला नको’ म्हणून धावणं म्हणूनच घातक आहे, आणि भरतीच्या पोरांना ही गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. नोव्हेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्कला ऑलिंपिक निवडीच्या मॅरेथॉनमध्ये रायन शे नावाचा अव्वल धावपटू पहिल्या नऊ किलोमीटरच्या आतच कोसळला आणि गेला. तो 28 वर्षांचा होता. कसून तयारी असली की हृदयही निर्दोष असतं, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

तरी आकडे धीर देणारे आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या 1 कोटी 9 लाख लोकांमध्ये हृदय बंद पडण्याच्या 59 घटना घडल्या. त्यातले 42 जण, म्हणजे 71 टक्के, वाचले नाहीत. त्याच संशोधकांनी 2010 ते 2023 चा हिशेब मांडला तेव्हा 2 कोटी 90 लाखांहून अधिक धावपटूंमध्ये अशा 176 घटना निघाल्या. लाखामागे प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं होतं. पण मरणाऱ्यांचा वाटा 71 वरून 34 टक्क्यांवर आला होता. तेरा वर्षांत माणसांची हृदयं सुधारलेली नव्हती. आजूबाजूच्या लोकांनी छाती दाबायला उशीर केला नाही आणि विजेचा झटका देणारं यंत्र जवळ होतं, हा त्यातला मोठा भाग होता. मला या सगळ्या अभ्यासांमध्ये हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपली नजर पडलेल्यावरून उचलून त्याच्याभोवती उभ्या असलेल्यांकडे नेतो.

आधीच तपासण्या करून धोका टाळता येईल का, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली, आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू 89 टक्क्यांनी घटल्याचं 2006 साली प्रसिद्ध झालं. इस्रायलने 1997 मध्ये असाच कायदा केला, तिथे आधीच्या आणि नंतरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. लाखो उमेदवारांचे ईसीजी काढून ते वाचायला जाणकार आणायचे कुठून, हाही प्रश्न आहेच. मात्र तीन प्रश्न फुकट विचारता येतात. धावताना कधी शुद्ध हरपली का? धावताना छातीत दुखलं का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? एकालाही ‘हो’ आलं तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय पळू नये. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत नाव घालताना फी आणि छाती-उंचीच्या आधी हे विचारलं जावं.

यवतमाळसाठी आणखी एक कारण वेगळं काढून बोललं पाहिजे, आणि ते पुण्या-मुंबईच्या धावण्यावरच्या लेखांत सापडत नाही. ते म्हणजे सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी समाजांमध्ये, तसंच इथल्या बौद्ध आणि इतर काही समाजांमध्ये, या रक्तदोषाचं प्रमाण लक्षणीय आहे. आई-बाप दोघांकडून दोष आला तर माणूस रुग्ण होतो, एकाकडूनच आला तर वाहक. वाहक निरोगी आयुष्य जगतो, शेतात राबतो, कबड्डी खेळतो, त्याला कसलाही त्रास नसतो. पण शेवटच्या ताकदीपर्यंत जोर, जोडीला ऊन, आणि पोटात पाणी नाही, अशा वेळी त्याच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात. मग स्नायू तुटू लागतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणातल्या मृत्यूंचा 1987 साली आलेला अभ्यास सांगत होता की, कारण न सापडणाऱ्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाहक कृष्णवर्णीय जवानांमध्ये वाहक नसलेल्यांच्या सुमारे 28 पट आहे.

त्यानंतर त्या सैन्याने सरावाचे नियम बदलले: सवय हळूहळू लावायची, उष्म्यानुसार विश्रांती, पाणी, आणि थांबू पाहणाऱ्याला थांबू द्यायचं. नियम सगळ्यांना सारखे. 2016 साली सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा नवा अभ्यास आला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलं नाही. स्नायू तुटण्याचा त्रास मात्र सुमारे दीडपट होता. म्हणजे रक्तातला दोष होता तिथेच होता आणि आपलं काम थोडंफार करतही होता, तरी माणसं मरत नव्हती.

सिकलसेलचा त्रास ओळखता आला नाही तर फार मोठा अन्याय होतो. हृदय बंद पडलेला धावपटू तोडलेल्या झाडासारखा पडतो. सिकलसेलमुळे अडचणीत आलेला असा पडत नाही. तो मंदावतो, पाय जड झाले म्हणतो, मांड्या धरतो, खाली बसतो, बोलत असतो. बाजूला उभ्या माणसाला तो कामचुकार वाटतो. ‘ऊठ, नाटक करू नको’ असं त्याला ओरडून उठवलं जातं, आणि तेच त्याच्या जिवावर येतं. कोलाम, गोंड, आंध मुलं ज्या जिल्ह्यातून भरतीला जातात, तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाला हा फरक माहीत असायला हवा. केंद्राने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. ते कार्ड लग्न जमवताना विचारात घेतलं जातं, कधी लपवलंही जातं. धावण्याशी त्याचा संबंध लावून देणारं कोणी नाही. त्यात भीती अशी की वाहक म्हणून कळलं तर भरतीतूनच काढतील. म्हणून मला अमेरिकी सैन्याचा धडा इथे लागू करावासा वाटतो: कोण वाहक आहे हे शोधून त्याला बाजूला काढण्यापेक्षा सरावाची पद्धतच सगळ्यांसाठी सुरक्षित करावी.

उन्हाचं गणितही असंच सोपं आहे आणि तरी चुकतं. यवतमाळचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो. सराव पहाटेच्या गारव्यात होतो आणि परीक्षेचा नंबर कधी दुपारी लागतो. त्याआधी धामणगावला किंवा वर्ध्याला जाऊन रेल्वेचा जनरल डबा, नाहीतर रात्रभर ट्रॅव्हल्स, मग अनोळखी शहरात कुठेतरी पाठ टेकणं, आणि पोट जड होऊ नये म्हणून उपाशी धावणं. उष्माघातात मेंदू भ्रमतो, मुलगा बरळतो किंवा चिडतो. त्याला आधी गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हा क्रम आहे. अमेरिकेत फॅलमथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत 18 वर्षांत उष्माघाताचे 274 धावपटू बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करण्यात आले आणि त्यातला एकही दगावला नाही. त्याला लागतं एक टाकं, पाणी आणि बर्फाच्या लाद्या. प्रत्येक तालुक्याच्या गावात लग्नाच्या मोसमात याहून जास्त बर्फ मिळतो.

आता मागे उरणाऱ्यांकडे येतो.

सगळ्यांत जवळ असतात बरोबर धावणारे. हृदय बंद पडलेल्याचे हातपाय काही क्षण झटके देतात, तोंडातून घरघर येते. लोक म्हणतात, फिट आली. कोणी कांदा आणायला पळतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडात पाणी ओततो. हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका मिळेपर्यंत जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं, आणि ही मिनिटं कांद्यात जातात. श्वास नीट चालत नसेल आणि हाकेला उत्तर नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. सामान्य माणसाने तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे, पण ती येईपर्यंत दाबणारा हात थांबता कामा नये. भरतीला जाणारी हजारो पोरं गोळा किती अंशात फेकायचा हे शिकतात. त्यांना हे शिकायला एक दुपार पुरेल, आणि शिकवायला यवतमाळात 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पण भरतीच्या मैदानावर एक क्रूर पेच आहे. पुढचा पडला तर मागच्याने थांबायचं का? घड्याळ चालू आहे, धाव एकच आहे, आणि थांबलं तर गुण जातात. जो थांबत नाही त्याला मी दोष देणार नाही. एकविसाव्या वर्षी घरच्या परिस्थितीचं ओझं घेऊन पळणाऱ्याच्या डोक्यावर हा निर्णय टाकणंच चूक आहे. पुढे निवड झाली तरी त्या पडलेल्याला ओलांडल्याची आठवण वर्दीच्या आत राहते. यावर उपाय कागदाच्या एका ओळीचा आहे: मदतीला थांबणाऱ्याला पुन्हा धावायची संधी मिळेल, हे धाव सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगावं. पोलिसात घ्यायच्या माणसाची याहून चांगली परीक्षा कोणती असणार आहे?

दुसरे, ज्यांनी छाती दाबली आणि माणूस वाचला नाही ते. त्यांना वाटत राहतं की आपलंच चुकलं. त्यांच्याशी बोलायला हवं, कारण यश न येणं हे या कामात नेहमीचं आहे आणि हे त्यांना कोणीतरी जाणत्याने सांगितलं तरच पटतं.

तिसरा परिणाम गावभर पसरतो. सकाळी फिरायला जाणारे आठवडाभर घरी बसतात. एखादी आई पोराचे बूट लपवते. मोबाइलवर कारणं फिरू लागतात, आणि गेली काही वर्षं त्यात कोविडच्या लशीचं नाव पहिलं असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या 47 रुग्णालयांमधून 18 ते 45 वयाच्या 729 अनाकलनीय आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून 2023 मध्ये निष्कर्ष मांडले. लशीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, घरात आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूआधीच्या 48 तासांत अतोनात दारू किंवा अंमली पदार्थ, आणि त्याच काळात अतिकष्टाची हालचाल. मैदानाच्या कडेला दमासाठी म्हणून उत्तेजक इंजेक्शनांची कुजबूज चालते, त्याकडे लशीच्या चर्चेत दुर्लक्ष होतं. आणि बूट लपवणाऱ्या आईला हेही सांगायला हवं, की नियमित व्यायाम करणाऱ्यापेक्षा कधीच न पळणाऱ्याला अचानक पळावं लागलं तर धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. जाहिरात निघाल्यावर दोन महिन्यांत तयारी करणारा मुलगा या दुसऱ्या गटाच्या जवळ जातो.

आणखी एक परिणाम कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते बंद असल्यामुळे रुग्णवाहिकांना सरासरी 4.4 मिनिटं जास्त लागत होती, आणि त्या दिवशी हृदयाच्या तक्रारीने दाखल झालेल्या वृद्धांमध्ये महिन्याभरातले मृत्यू 24.9 ऐवजी 28.2 टक्के होते. यवतमाळसारख्या गावात धावण्याची स्पर्धा भरवताना दवाखान्याचा रस्ता मोकळा ठेवणं हे हार-तुऱ्यांच्या आधीचं काम आहे.

उरतं ते घर. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकाराचा झटका’ एवढं लिहिलं जातं आणि प्रकरण संपतं. घरचे शवविच्छेदनाला नको म्हणतात. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे, पण वीस वर्षांच्या मुलाच्या मृत्यूत तेच सर्वांत उपयोगाचं असतं. हृदयाची भिंत जाड होण्याचा दोष वंशाने आलेला असेल तर प्रत्येक सख्ख्या भावा-बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी असते. इथे तर भाऊ-भाऊ एकाच रस्त्यावर, कधी एकाच बुटांच्या जोडावर सराव करतात. म्हणून हृदयाचा नमुना तपासणीसाठी राखून ठेवणं, सिकलसेलची चाचणी करणं, अहवाल कुटुंबाला त्यांच्या भाषेत समजावून सांगणं, आणि भावंडांचा ईसीजी व इको सरकारी खर्चाने करून देणं, हे नुकसानभरपाईच्या धनादेशाइतकंच भरती घेणाऱ्या खात्याचं देणं आहे. धाकटा भाऊ पुढच्या वर्षी त्याच भरतीचा अर्ज भरणार असतो. मैदानावर उतरण्याआधी त्याची ही तपासणी झालेली असावी.